नवव्या नंबरवर जावई

मिस्त्रींना बेसबॉल कळत नव्हता आणि बाईंना तर त्याहून कळत नव्हता. त्यांच्या नात्यागोत्यात, शेजारापाजारात कुणी तो कधी खेळलं नव्हतं, आणि त्यावाचून कुणाचं काही अडलंही नव्हतं. तरी त्या दोन खोल्यांच्या घरात रोज संध्याकाळी बेसबॉल चाले, आणि असा चाले की खालच्या मजल्यावरच्या काकू झाडूच्या दांड्याने छताला ढोसत.

त्याचं असं झालं. मिस्त्रींचं दुरुस्तीचं दुकान होतं. इस्त्री, मिक्सर, पंखा, टीव्ही, ज्याला म्हणून वायर आहे ते त्यांच्याकडे येई. एकदा एक गिऱ्हाईक व्हिडिओ गेमचा डबा टाकून गेलं. आतला पंखा धुळीने बसला होता, एवढंच. मिस्त्रींनी तो साफ केला, डबा फडक्यात गुंडाळून फळीवर ठेवला आणि वाट पाहिली. गिऱ्हाईक परत फिरकलं नाही, फोनही लागेना. वर्ष उलटलं. दुरुस्त केलेली वस्तू पडून राहिली की पुन्हा बिघडते, हे मिस्त्रींचं ठाम मत. म्हणून 'जरा चालवून बघू' म्हणत ते डबा घरी घेऊन आले. आत एकच खेळ होता, बेसबॉलचा. एकाने चेंडू फेकायचा, दुसऱ्याने बॅट फिरवायची आणि लागला की पळत सुटायचं, इतपत दोघांना लवकर उमगलं. बाकीचं हळूहळू कळत गेलं, आणि ते कळेपर्यंत दोघं इतकी हसली की लग्नाच्या पहिल्या वर्षातही तेवढी हसली नसतील.

पण बाईंचा जीव जडला तो खेळावर नव्हे. त्या खेळात एक भाग होता पत्ते जमवण्याचा. प्रत्येक पत्त्यावर एक खेळाडू, त्याचा फोटो आणि त्याच्या ताकदीचा आकडा. नव्व्याण्णव म्हणजे सगळ्यांत भारी. सामने जिंकले की बंद पाकिटं मिळत, पाकीट फोडलं की पत्ते निघत, आणि त्या पत्त्यांतून आपले नऊ जण निवडून पहिला कोण, दुसरा कोण, असा बॅटिंगचा क्रम लावायचा. नऊ झाले की पुन्हा पहिला. हे पाहिलं आणि बाईंनी पदर खोचला.

कारण बाईंचा जन्म त्यातच गेला होता. त्या बस डेपोत ड्युटी लावायच्या. कोणती गाडी कोणाकडे, कुणाबरोबर कोण कंडक्टर, पहाटेची फेरी कुणाला, हे सगळं त्या ठरवत. सगळा डेपो त्यांना ड्युटीबाई म्हणे, आणि सकाळी त्यांच्या खिडकीशी उभं राहून 'हजर' म्हटल्याशिवाय कोणाची गाडी फाटकाबाहेर पडत नसे. चांगला ड्रायव्हर कोण हे सगळ्यांनाच माहीत होतं. कोण कुणाबरोबर खुशीने जाईल, हे फक्त बाईंना. निवृत्त झाल्यावर त्यांच्या हाताखाली माणसंच उरली नाहीत. नवरा एकटा, आणि तो ऐकायचा नाही.

तेव्हा या पडद्यावरच्या नऊ जणांना त्यांनी कामाला लावलं. त्यांची खरी नावं दोघांनाही धड वाचता येत नव्हती, जीभ अडखळे. मग बाईंनी त्यांना घरची नावं दिली. पहिला फार चपळ, कुणाचं लक्ष नाही असं पाहून पुढचा बेस, म्हणजे धावायचा पुढचा टप्पा, चोरणारा, तो धाकटे भावजी. दुसऱ्याला चेंडू लागला तरी हटायचं माहीत नाही, वाटेत उभं राहून आपलंच खरं करणारा. त्याला चांगली झुपकेदार मिशी होती, तरी तो नणंदबाई. तिसरे मामा, सगळ्यांना सांभाळून घरी आणणारे. चौथे मोठे भावजी. त्यांनी चेंडू मारला की मैदानाबाहेर, नाहीतर नुसताच वारा. पाचवी आत्या, सगळ्यांच्या पुढ्यात बैठक मारून बोटांनी खुणा करणारा तो कॅचर आत्या नाही तर कोण असणार? सहावा मावसभाऊ, सातवे काका, आठवे व्याही. आणि नवव्या नंबरवर जावई.

जावयाचा आकडा एकसष्ट. तो पाकिटातून आलेला नव्हताच. खेळ सुरू करताना प्रत्येकाला एक पत्ता फुकट मिळतो, तसा तो पदरात पडलेला. गोरागोमटा, केस विंचरलेले, आणि बॅट अशी धरायचा की जणू कुणाची तरी सांभाळायला दिलेली वस्तू आहे. दहादा येऊन एकदा जेमतेम पोचायचा.

"याला काढ गं," मिस्त्री म्हणायचे. "माझ्याकडे शहात्तरचा पडलाय."

"जावयाला काढतात होय?" बाई म्हणायच्या. "बसू दे. काही करत नाही, पण घरी येतो-जातो. तेवढंच बरं वाटतं."

"मुलगी नाही आणि जावई कुठला?" खालच्या काकूंनी एकदा विचारलं होतं.

"लग्नाचा खर्च वाचला," बाई म्हणाल्या, आणि काकू हसून हसून भिंतीला टेकल्या. मिस्त्री हसले नाहीत. मूल नसण्याचं बोलणं त्या घरात कधीच झालं नव्हतं, आणि बाईंनी ते असं चहाबरोबर सहज काढलं, याचं त्यांना नवल वाटलं.

खेळायचे मिस्त्री, कारण हात त्यांचे. सोल्डरिंगची सवय असलेली बोटं, बटणावर बरोबर वेळेला पडायची. पण खेळ सुरू होण्याआधी बाई हजेरी घ्यायच्या. डेपोतल्यासारखीच, ताठ बसून, पडद्यावरच्या एकेका फोटोकडे बोट करत. "एक, धाकटे भावजी. दोन, नणंदबाई. तीन, मामा," असं करत करत नऊ, जावई. आणि मग शेजारच्या खुर्चीकडे न बघता शेवटचं वाक्य, "आणि बॅट आमच्या ह्यांच्या हातात." हे झालं की मिस्त्रींनी सुरू करायचं. त्याआधी बटणाला हात लावला तर ड्युटीबाई डोळे वटारत.

त्यांच्यात कायमचा एकच वाद होता. मिस्त्रींना आकड्यांचं वेड. दुकानात मीटर लावून व्होल्ट बघणारा माणूस, त्याला एकसष्ट दिसतो तिथे शहात्तर का नको, हे कळेचना. जास्त आकड्याचे नऊ घेतले की सगळ्यांत बळकट संघ झाला, सरळ हिशेब. बाई म्हणायच्या, बळ लागतं ते गाडीला, ड्युटी चालते ती माणसांच्या सवयीवर. मिस्त्री म्हणायचे, अगं ते पत्ते आहेत. बाई म्हणायच्या, डेपोतले साहेबही ड्रायव्हरांना नंबरानेच हाक मारायचे.

एका बाबतीत मात्र दोघांचं एकमत होतं. एक नव्व्याण्णवचा पत्ता होता, जुन्या काळातला डावखुरा, पांढऱ्या मिशीचा, टोपी जरा तिरकी. त्याचा फोटो खेळाच्या पहिल्याच पानावर झळकायचा आणि पाकिटातून तो कधी म्हणून निघायचा नाही. त्याचं नाव पाहुणा. मिस्त्री पाकीट फोडायचे आणि बाई स्वयंपाकघरातून विचारायच्या, "आला का हो पाहुणा?"

"नाही आला."

"येईल. वाट चुकला असेल."

"आला की उठवायचं कुणाला?" मिस्त्री मुद्दाम खोड काढायचे.

"पाहुण्यासाठी घरच्यांना उठवत नाहीत," बाई म्हणायच्या. "बाहेर बाकावर बसेल, चहा घेईल. आला, भेटला, झालं."

हे वाक्य मिस्त्रींनी कितीतरी वेळा ऐकलं असेल. ऐकलं म्हणजे कानावर पडलं. नीट ऐकलं असतं, तर पुढचं सगळं टळलं असतं.

बाईंचं विसरणं सुरू झालं ते इतक्या सावकाश, की आधी दोघांनी त्याची चेष्टाच केली. दुधाची पिशवी कपड्यांच्या कपाटात सापडली. किल्ली कुलपालाच लावून बाई बाजारात गेल्या. मग एक दिवस त्या शेजारच्या इमारतीत, तशाच जिन्याच्या तशाच दारासमोर उभ्या राहून 'अहो, उघडा' म्हणत राहिल्या, आणि दार उघडलं ते परक्या माणसाने. त्या दिवशी कुणी हसलं नाही. डॉक्टरांनी तपासण्या केल्या, चित्रं दाखवून प्रश्न विचारले, आणि मिस्त्रींना बाहेर घेऊन सांगितलं की हे परत फिरणारं दुखणं नाही. जेवढं आहे तेवढं जपायचं. "रोजचं ठरलेलं काही असेल ना, ते मोडू नका," डॉक्टर म्हणाले. "ते धरूनच त्या चालतील."

मिस्त्रींनी ते शब्दशः पाळलं. दिवसभर खालच्या काकू बाईंजवळ बसत. संध्याकाळी दुकान ठरल्या वेळेला बंद. तीच खुर्ची, तोच निळा कप, तोच पडदा. आणि खरंच, बाकीचं एकेक गळत गेलं तरी हजेरी टिकली. बाई जेवलो की नाही हे विसरत, काकूंचं नाव विसरत, दुपारभर खिडकीशी बसून डेपोची गाडी का आली नाही म्हणून हळहळत. मिस्त्री दारातून आत आले की अनोळखी माणसाकडे बघावं तसं बघत. मिस्त्री पडद्यावर खेळ लावायचे. धाकट्या भावजींचा फोटो दिसला की बाईंची पाठ ताठ व्हायची, बोट वर जायचं, आणि एक, दोन, तीन करत जावयापर्यंत पोचल्या की पुढचं आपोआप यायचं, "आणि बॅट आमच्या ह्यांच्या हातात." तेव्हा कुठे त्या शेजारी वळून बघत. "अहो," म्हणत, "केव्हा आलात?"

विहिरीतून बादली ओढावी तसं ते होतं. रोज नऊ हात दोर ओढला की बायको वर यायची. थोडा वेळ राहायची, चुकला चेंडू की टोमणा मारायची, आणि झोपेपर्यंत पुन्हा खाली जायची. मिस्त्री त्या अर्ध्या-पाऊण तासासाठी दिवस काढत होते. त्यांनी ते कुणाला सांगितलं नाही.

अशाच एका संध्याकाळी पाकीट फोडलं, पाहुणा आला नाही, आणि बाई अगदी पहिल्यासारख्या हसून म्हणाल्या, "तो आला ना, की मी ताळ्यावर येईन बघा."

थट्टाच होती. पण बुडत्याला काडीचा आधार. ते वाक्य मिस्त्रींच्या डोक्यात असं रुतलं की सोल्डरिंग करताना, गिऱ्हाइकाशी बोलताना, तेच ऐकू येई. पाहुणा आला की ताळ्यावर येईन. माणूस शहाणा होता, वायरी जोडणारा होता, कोणत्या वायरीने कोणता दिवा लागतो हे कळणारा. पण घरातलं माणूस डोळ्यांदेखत विझत चाललं की शहाणपण कुठे राहतं?

त्यांनी दुकानात मागच्या बाजूला एक जुना टीव्ही लावला. सकाळी डबा पिशवीतून दुकानात, संध्याकाळी परत घरी. गिऱ्हाईक नसलं की ते खेळत. जिंकून आलेल्या नाण्यांतून खेळाच्या बाजारात एकेक भारी पत्ता विकत घेत गेले. पहिल्या नंबरसाठी सत्त्याण्णवचा, दुसऱ्यासाठी अठ्ठ्याण्णवचा. संध्याकाळी मात्र घरी तोच जुना संघ. नवा संघ पुरा झाला, पाहुणा मिळाला, की एकदमच दाखवायचा, असं त्यांनी ठरवलं होतं. लग्नानंतर बायकोला काही आश्चर्याचं देण्याची वेळ त्यांच्यावर फारशी आली नव्हती, त्यामुळे त्यातलं कौशल्य त्यांना नव्हतं.

पाहुणा बाजारात नव्हताच. तो मिळायचा तो अदलाबदलीत. एका पानावर रिकाम्या जागा दाखवलेल्या असत. त्यांत आपले जुने पत्ते टाकायचे, ते कायमचे जात, आणि सगळ्या जागा भरल्या की पाहुणा येई. मिस्त्रींनी जमवलेले सगळे किरकोळ पत्ते त्यात टाकले. तरी नऊ जागा रिकाम्या राहिल्या, त्यांत चालणार होते ते जुन्या संघातल्यासारखेच पत्ते, आणि नाणी तर भारी पत्त्यांत संपली होती.

त्या रविवारी बाई दुपारच्या झोपल्या होत्या. मिस्त्री घरीच पडद्यासमोर बसले. इथे एक सांगितलं पाहिजे, मिस्त्रींच्या मनात पाप नव्हतं. त्यांना वाटलं, हे पत्ते काय, स्वस्त आहेत, हवे तर बाजारातून पुन्हा घेऊ. आणि हवे कशाला, एवढे भारी नऊ असताना? त्यांनी धाकटे भावजी उचलून टाकले. नणंदबाई टाकल्या. मामांपाशी जरा हात थबकला. पण मग एकापाठोपाठ एक सगळे गेले, आणि शेवटी जावई. खेळाने विचारलं, नक्की ना? मिस्त्रींनी बटण दाबलं. पडद्यावर झगमगाट झाला आणि पाहुणा आला. तिरकी टोपी, पांढरी मिशी. मिस्त्रींच्या डोळ्यांत पाणी आलं. ते स्वयंपाकघरात गेले आणि चहाचं आधण ठेवलं, तीन कपांचं.

बाई उठल्या, तोंड धुऊन खुर्चीत बसल्या. निळा कप हातात दिला. मिस्त्रींनी पडदा लावला. नऊच्या नऊ सोनेरी चौकटी, आकडे असे की डोळे दिपावेत, आणि चौथ्या नंबरवर तो.

"बघ," मिस्त्री म्हणाले. "आला."

बाईंचं बोट वर गेलं होतं. ते तसंच राहिलं. पहिल्या फोटोवरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर. बोट खाली आलं.

"आमची माणसं कुठे आहेत?"

"अगं, पाहुणा आलाय. चौथा बघ ना."

"हो, आलेत. बसा म्हणावं," बाई पडद्याकडे बघून अदबीने म्हणाल्या, आणि पुन्हा मिस्त्रींकडे वळल्या. "आमची माणसं?"

"सुटीवर आहेत," मिस्त्री म्हणाले.

"सगळी एकदम?" तो आवाज मिस्त्रींनी कितीतरी दिवसांत ऐकला नव्हता. तो डेपोच्या खिडकीतला आवाज होता. "नऊच्या नऊ जणांना एकदम सुटी कोणी मंजूर केली? मी सही केलेली नाही."

मग त्या उठल्या आणि शोधायला लागल्या. स्वयंपाकघरात पाहिलं, गॅलरीत पाहिलं, कपाट उघडलं, पलंगाखाली वाकल्या. "मामा," म्हणून हाक मारली. दार उघडून जिन्यात गेल्या आणि खाली तोंड करून "भावजी, भावजी" करत राहिल्या. खालच्या काकू धावत वर आल्या. मिस्त्री जिन्यात बायकोचा हात धरून उभे, आणि ती हात सोडवून घेत होती.

"सोडा भाऊ," बाई म्हणाल्या. "माझे लोक परत यायचेत. तुम्हाला काय पाहिजे?"

मिस्त्रींनी हात सोडला. लग्न झाल्यापासून त्यांना या बाईने 'अहो'शिवाय दुसरी हाक मारली नव्हती. रागावली तरी अहो, कौतुक केलं तरी अहो. भाऊ हा शब्द काही वाईट नाही, कुणालाही म्हणावा. त्यांना मात्र तो छातीत बसला, आणि काकूंनी बाईंना सांभाळून आत नेलं तरी ते जिन्यातच बसून राहिले.

दुसऱ्या दिवसापासून मिस्त्रींनी दुकान उघडलंच नाही. बाजारात एकेकाला हुडकून काढलं. धाकटे भावजी मिळाले, नणंदबाई मिळाल्या, मामा, मोठे भावजी, आत्या. कवडीमोलाने मिळाले. आठ जण परत घरी आले. जावई मिळेना. मिळणारही नव्हता, कारण तो फुकट मिळालेला पत्ता होता. जे विकता येत नाही ते बाजारात येत नाही. मिस्त्रींना हे ठाऊक असायला हवं होतं. शहात्तरचा होता, ऐंशीचे होते, नव्व्याण्णवचा पाहुणा तर बाकावर तिरकी टोपी घालून बसलेलाच होता. ज्याला रोज काढ काढ म्हटलं, तो एकसष्टचा पोरगा मात्र सगळ्या बाजारात नव्हता.

बाईंना समजावून खुर्चीत बसवायला बरेच दिवस लागले. बसल्या तेव्हा भावजींचा फोटो दिसला आणि पाठ ताठ झाली. एक. दोन. तीन. आठ, व्याही. आणि बोट नवव्यावर येऊन थांबलं. तिथे मिस्त्रींनी गोरागोमटा, केस विंचरलेला, होता होईल तो तसाच दिसणारा एक जण शोधून बसवला होता.

"हा कोण? याला मी ड्युटी दिलेली नाही."

"अगं, हाच तो. जावई."

"जावई मला कळत नाही होय?" बाई म्हणाल्या. "यायचेत अजून. थांबू."

आणि त्या थांबल्या. डेपोत शेवटचा माणूस हजर झाल्याशिवाय त्यांनी कधी हजेरी बंद केली नव्हती. पुढचं वाक्य आलंच नाही. दुसऱ्या दिवशी आठपर्यंत, तिसऱ्या दिवशी आठपर्यंत. आठ हात दोर ओढला जाई आणि बादली तिथेच अडून राही. बाई पडद्याकडे बघत नसत, दाराकडे बघत. मिस्त्री शेजारच्या खुर्चीत बॅटचा रिमोट धरून बसलेले, पण हजेरीत त्यांचा नंबर जावयानंतर होता. जावई आला नाही, तर तेही आले नव्हते. सगळ्यांत बळकट संघ लावायच्या नादात त्यांनी स्वतःलाच त्यातून काढून टाकलं होतं, आणि याबद्दल भांडायला बायकोही उरली नव्हती. तेव्हा ते रडले. काकूंसमोर, तोंडावर हात न घेता रडले.

"रडू नका भाऊ," बाई म्हणाल्या आणि आपला निळा कप त्यांच्यापुढे केला.

असे बरेच दिवस गेले. दुकान पुन्हा उघडलं, कारण पोट आहे. एका संध्याकाळी मिस्त्री डॉक्टरांकडे औषधं आणायला गेले होते, म्हणून अंगात कामाचा शर्ट नव्हता. इस्त्रीचा पांढरा होता, आणि केस विंचरलेले होते. येताना वाटेत सफरचंदं घेतली. घरी आले तर काकूंनी पडदा लावून दिला होता. बाई खुर्चीत, समोर आपले आठ जण आणि नववा तो परका. दाराचा आवाज झाला तशी त्यांनी मान वळवली. मिस्त्री दारात उभे होते, हातात फळांची पिशवी.

बाईंनी लगबगीने पदर सावरला आणि उठून उभ्या राहिल्या.

"या, या जावईबापू," त्या म्हणाल्या. "किती उशीर केलात. सगळे खोळंबलेत तुमच्यासाठी."

मिस्त्रींच्या तोंडून 'अगं' एवढंच निघालं. पुढे 'मी' म्हणायचं होतं. त्यांनी काकूंकडे पाहिलं. काकूंनी मान खाली घातली. बायकोच्या चेहऱ्यावर असा आनंद मिस्त्रींनी त्या रविवारपासून पाहिला नव्हता, आणि तो त्यांच्यासाठी नव्हता. त्यांनी चपला काढल्या, पिशवी बाईंच्या हातात दिली आणि खुर्चीच्या काठावर, जावई बसतात तसे, अंग चोरून बसले.

"कशाला आणलंत हे?" बाई म्हणाल्या. "बरी आहे ना आमची मुलगी?"

"बरी आहे," मिस्त्री म्हणाले. "तुमची आठवण काढते."

"येऊन जा म्हणावं एकदा."

"सांगतो."

बाईंना ते पुरलं. त्या खुर्चीत टेकल्या, मग जरा पुढे वाकल्या आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "तुम्हाला म्हणून सांगते. आमचे हे तुमच्यावर चिडतात ना, ते मनावर घेऊ नका. आकड्यांचं वेड आहे त्यांना. बाकी माणूस सोन्यासारखा. तोंडावर कधी म्हटलं नाही मी, उगाच डोक्यावर चढतात. पण दिवसभर दुकानात खपून येतात आणि माझ्यासाठी हे खेळत बसतात. त्यांना कुठला आलाय बेसबॉल."

मिस्त्री मान हलवत राहिले. बोलले असते तर आवाजावरून ओळखू आलं असतं की काय, अशी वेडी भीती त्यांना वाटली. ओळखू यावं म्हणून ज्यांनी एवढा खटाटोप केला, त्यांनाच.

बाईंनी पाठ ताठ केली. बोट वर गेलं. "एक, धाकटे भावजी. दोन, नणंदबाई. तीन, मामा. चार, मोठे भावजी. पाच, आत्या. सहा, मावसभाऊ. सात, काका. आठ, व्याही." मग बोट पडद्यावरून निघालं आणि शेजारच्या खुर्चीवर आलं. "नऊ, जावई."

"हजर," मिस्त्री म्हणाले.

"आणि बॅट आमच्या ह्यांच्या हातात."

हजेरी पुरी झाली. बाईंनी समाधानाने दाराकडे पाहिलं. मिस्त्रींनी रिमोटकडे हात नेला, तर बाईंनी तो अलगद उचलून आपल्या मांडीवर घेतला.

"हा त्यांचा. ते आले की खेळतील," त्या म्हणाल्या. "येतीलच इतक्यात, दुकान बंद करून. तुम्ही बसा, भेटल्याशिवाय जाऊ नका."

"नाही जात," मिस्त्री म्हणाले, आणि बायकोबरोबर दाराकडे बघत बसून राहिले.